अनुकूल एक

मी या घरात सून म्हणून आले ती १९५८ साली. तेव्हा आमचे मामंजी आमदार नव्हते. कडूबा गाडेकर म्हणजे औरंगाबादच्या कचेरीसमोर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहिणारा माणूस. माझ्या माहेरच्यांनी स्थळ पाहताना मुलाची मास्तरकी पाहिली होती. सासरा झाडाखाली बसतो हे त्यांना लग्नानंतर कळलं.

मामंजींचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं, चौथीपर्यंत. मराठी ते घरी शिकले. मोडी एका म्हाताऱ्या कुळकर्ण्याकडून शिकले. त्यांच्या शेजारी करीमचाचा बसत. ते खुलताबादचे, धंदा तोच. दोघांच्या मध्ये एक पाण्याचा माठ आणि गिऱ्हाइकाला बसायला एक पोतं. अर्ज लिहून झाला की मामंजी तो मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि मगच अंगठा घ्यायचे. यात वेळ जायचा. बाकीचे अर्जनवीस तेवढ्या वेळात दोन अर्ज उरकायचे.

पोलीस ॲक्शन झाली तेव्हाची एक गोष्ट आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई आवडाबाई, नेहमी सांगत. निजामाचं राज्य गेलं आणि कचेरीत बाहेरून साहेब आले. त्यांना उर्दूचं अक्षर लागत नव्हतं. त्या दिवसांत करीमचाचा तीन आठवडे खुलताबादहून आलेच नाहीत. मुसलमानांनी घराबाहेर पडू नये अशी हवाच होती. मामंजींनी त्यांची जागा कुणाला बसू दिली नाही. शेवटी सायकल घेऊन ते घाट चढून गेले आणि त्यांना घेऊन आले. कचेरीतलं कुणीतरी म्हणालं, "ह्याला कशाला आणलंस रे?"

"निम्म्या जिल्ह्याची कागदं उर्दूत हायत," मामंजी म्हणाले. "मला एकट्याला पुरं पडत नाय. तुला वाचता येत असतील तर बस तू."

तो माणूस निघून गेला. करीमचाचांनी पोतं झटकलं आणि काम सुरू झालं.

एवढं सांगितलं ते अशासाठी की १९६२ साली तात्यासाहेबांनी मामंजींना विधानसभेचं तिकीट दिलं तेव्हा त्यांनी यातलं काही पाहिलं नव्हतं. तात्यासाहेब आमच्या भागातले पक्षाचे पुढारी. त्यांची शिक्षणसंस्था होती, बारा शाळा होत्या, आणि माझे यजमान भानुदास त्यातल्याच एका शाळेत शिकवत. पक्षात दोन गट भांडत होते. दोघांनाही चालेल असा उमेदवार हवा होता. मामंजींचं कुणाशी वाकडं नव्हतं आणि चाळीस गावांत असं घर नव्हतं जिथल्या कुणाचा अर्ज त्यांनी लिहिला नसेल. तात्यासाहेब घरी आले, चटईवर बसले आणि म्हणाले, "कडूबाराव, तिथं फार काही करावं लागत नाही. प्रतोद सांगतील तेव्हा हात वर करायचा. बाकी आम्ही आहोत."

मामंजी निवडून आले. मनमाडला गाडी बदलून मुंबईला जाऊ लागले. पहिली तीन वर्षं त्यांनी सांगितल्याप्रमाणे हात वर केलाही. फरक एवढाच की ते प्रत्येक विधेयक वाचायचे. आमदार निवासातल्या खोलीत खाटेवर मांडी घालून, पेन्सिल घेऊन, पहिल्या ओळीपासून. इतर आमदार येता जाता म्हणत, "काय अर्जनवीस, अंगठा कुठं घ्यायचा?" मामंजी हसून पान उलटायचे. एकदा त्यांनी कुठल्याशा विधेयकात एक 'किंवा' चुकीच्या जागी पडलाय म्हणून मंत्र्यांना चिठ्ठी पाठवली. 'किंवा' काढला गेला. मंत्र्यांनी आभार मानले आणि प्रतोदांनी मामंजींना समजावलं की अशा चिठ्ठ्या आधी आपल्याकडं द्याव्यात.

मग १९६५ साल आलं आणि त्याबरोबर जमिनी घेण्याचं विधेयक.

औरंगाबादला कारखाने यायचे होते. ते यावेत असं सगळ्यांनाच वाटत होतं, मामंजींनाही. विधेयकाच्या नवव्या कलमात लिहिलं होतं की जमीन घेण्याची नोटीस गावच्या चावडीवर लावली म्हणजे ती संबंधित व्यक्तीस मिळाली असे मानण्यात येईल. लावल्यापासून तीस दिवसांत हरकत आली नाही तर पुढं कुठंच दाद मागता येणार नाही. चावडीवर नोटीस आधीही लागत होती. पण मिळाली नाही म्हणून निदान कोर्टात भांडता यायचं. ती वाट या कलमानं बंद होणार होती.

त्याच सुमारास वाळूजच्या वाटेवरल्या एका खेड्यात मामंजी दवाखान्याच्या जागेसाठी गेले होते. तिथं दगडाबाई नावाची विधवा त्यांना आडवी आली. पन्नाशीची बाई, काष्टा घातलेला, हातात खुरपं. तिच्या रानात त्या सकाळी मोजणीवाले खुंट रोवून गेले होते.

"नोटीस लागली व्हती म्हणत्यात," ती म्हणाली. "महिनाभर लागली व्हती."

"मग हरकत का नाय दिलीस, बाई?"

"कुठं वाचू? चावडीवर बाईमाणूस चढतंय व्हय? त्या दारावरून जाते ती बी मान खाली घालून. भितीवर काय डकवलंय ते मला कसं दिसंल?"

मामंजी चावडीकडं गेले. नोटीस अजून होती. दाराच्या आतल्या बाजूला, उघडलेल्या दारामागं. ती वाचायला दार लावावं लागत होतं.

घरी आल्यावर त्यांनी नववं कलम पुन्हा काढलं. मी भाजी निवडत होते. ते मला म्हणाले नाहीत, स्वतःशीच म्हणाले, "हे मी चारदा वाचलं. चारी वेळा मला सरळ वाटलं."

त्यांनी दुरुस्ती लिहिली. नोटीस गावात दवंडी देऊन गल्लोगल्ली वाचून दाखवावी आणि ज्याची जमीन त्याच्या हातात द्यावी. त्याशिवाय ती मिळाली असे मानू नये. ही दुरुस्ती त्यांनी विधानसभेच्या कार्यालयाकडं पाठवली. चौथ्या दिवशी दुपारी तात्यासाहेबांची मोटार आमच्या गल्लीत उभी राहिली.

तात्यासाहेब वाईट माणूस होते असं मला वाटत नाही. त्यांनी कारखान्यासाठी मुंबईला किती खेटे घातले होते ते सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. ते शांतपणे बोलले. "कडूबाराव, दुरुस्ती मागं घ्या. एकेका गावात गल्लोगल्ली वाचत बसलो तर सहा महिने जातील. कारखानदार सहा महिने थांबत नाही. तो पुण्याला जातो, ठाण्याला जातो. आपल्या पोरांनी आणखी किती वर्षं तिकडं नोकऱ्या शोधत जायचं?"

"कारखाना यावाच," मामंजी म्हणाले. "माझं म्हणणं एवढंच हाय की जिची जमीन घेताय तिला सांगून घ्या."

"सांगतोच की. चावडीवर."

"चावडीवर बाया चढत नाय, तात्यासाहेब. तुमच्या घरच्या चढतात का?"

तात्यासाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "पक्षादेश निघणार आहे. विरोधात गेलात तर मला काही करता येणार नाही. आणि भानुदासची नोकरी संस्थेत आहे, ही गोष्ट मी इथं काढतही नाही."

ती त्यांनी काढली होती. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. मोटार गेल्यावर मी बाहेर आले आणि लग्नाला सात वर्षं झाल्यावर पहिल्यांदा मामंजींच्या तोंडावर बोलले. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती.

"मामंजी, एक हात वर केल्यानं काय बिघडतंय? तुम्ही एकटे विरोधात गेलात म्हणून कलम बदलणार आहे का?"

"नाय बदलणार."

"मग?"

"पोरी, तू दहावी शिकलीस. तुझ्या नावावर जमीन असती आन् नोटीस चावडीवर असती, तर तू चढली असतीस का तिथं?"

मी आत गेले आणि भांडी आदळली. उत्तर मला येत होतं, म्हणून तर इतका राग आला.

अधिवेशन नागपूरला होतं. तिथं काय झालं ते आम्हाला करीमचाचांनी सांगितलं. पास काढून ते गॅलरीत बसले होते. विरोधी पक्षाचे लोक सकाळीच धान्याच्या प्रश्नावर सभात्याग करून गेले होते. दुरुस्ती पुकारल्यावर मामंजी उभे राहिले.

"अध्यक्ष महाराज, मी अर्ज लिहिणारा माणूस आहे. या कलमात 'मिळाली असे मानण्यात येईल' असे शब्द आहेत. कुणी मानायचं? जिला मिळाली नाही तिनं? माझ्या मतदारसंघात निम्मी माणसं बाया आहेत आणि बाया चावडीवर चढत नाहीत. म्हणजे हे कलम निम्म्या लोकांना लागूच होत नाही, आणि तरी त्यांची जमीन त्यानं जाते."

मागून कुणीतरी ओरडलं, "मग काय दवंडी पिटायची?"

"व्हय," मामंजी म्हणाले. "पिटा. निवडणुकीच्या सभेची पिटता की."

सभागृहात हशा झाला. मंत्र्यांनी दुरुस्ती स्वीकारता येत नसल्याचं सांगितलं. आवाजी मतदान झालं. 'होय' म्हणणारा आवाज एकच होता. तिथं विषय संपला असता, पण मामंजी पुन्हा उभे राहिले आणि त्यांनी मतविभाजन मागितलं. अध्यक्षांनी विचारलं, "सन्माननीय सदस्यांचा आग्रह आहे का?"

"आहे. मोजून लिहावं."

घंटा वाजली. सभासद आपापल्या जागी उभे राहून मोजले गेले. अनुकूल एक, प्रतिकूल एकशे चौतीस.

"अपना कडूबा अकेला खडा था, आवडाभाभी," करीमचाचा सांगत होते. "बाजू का आदमी बी सरकून बसला. मैं ऊपर से हात हिलाया, पण त्यानं पाह्यलंच नाय. सामने देखता रहा."

आत्याबाईंनी एवढंच विचारलं, "जेवले का नंतर?"

पक्षानं त्यांना सहा वर्षांसाठी काढलं. आठवड्याभरात भानुदासची बदली झाली, अजिंठ्याच्या पलीकडं, संस्थेच्या सगळ्यात लांबच्या शाळेत. ते तिकडं गेले, मी मुलीला घेऊन इथं राहिले. ते महिन्यातून एकदा यायचे. मुलगी बापाला पाहून पहिला तासभर आत्याबाईंच्या मागं लपायची. मी मामंजींना जेवायला वाढत होते, पाणी देत होते, पण बोलत नव्हते. त्यांनीही बोलायचा आग्रह धरला नाही. माझी माफी त्यांनी कधी मागितली नाही, हे मी आजही सांगते. मला ती हवी होती.

पाच महिन्यांनी एक दिवस ते माझ्यापुढं कागद घेऊन बसले. दुरुस्ती पडली होती, म्हणून आता ते स्वतःचं विधेयक लिहीत होते. आमदाराला स्वतःचं विधेयक मांडता येतं, हे मला तेव्हा कळलं.

"वाच," ते म्हणाले. "जिथं कळणार नाय तिथं सांग."

मी रागानंच वाचलं आणि रागानंच म्हणाले, "'तामील' म्हणजे काय?"

"पोचवणं."

"मग पोचवणं लिहा की."

त्यांनी 'तामील' खोडलं. पुढं 'खातेदाराच्या घरी द्यावी' असं होतं. मी म्हणाले, "घरी दिली तर घरातला बाप्या घेईल. कोनाड्यात ठेवून देईल. तिच्या कानावर येईलच असं नाही."

मामंजींनी पेन्सिल खाली ठेवली. माझ्याकडं नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. मग लिहिलं, 'ज्याच्या वा जिच्या नावे जमीन असेल त्याच्या वा तिच्या हातात'. त्या दिवसापासून त्यांचा प्रत्येक मसुदा मी वाचला. राग गेला असं नाही. पण कामापुढं तो मागं पडत गेला.

१९६७ च्या निवडणुकीत ते अपक्ष उभे राहिले. निशाणी मिळाली शिडी. समोर तात्यासाहेबांचा माणूस, तीन जीपगाड्या घेऊन. आमच्याकडं मामंजींची सायकल, करीमचाचांची सायकल आणि आत्याबाईंचे पाय. प्रत्येक गावात मामंजी चावडी टाळून पाणवठ्यावर जायचे. पाण्याला आलेल्या बाया घागरी घेऊन उभ्या राहायच्या आणि ते नववं कलम वाचून दाखवायचे. दगडाबाई चार गावं आमच्याबरोबर हिंडली. बोलायला उभी राहिली की तिला एकच वाक्य यायचं. "ह्यो माणूस माझ्यासाठी एकटा हुबा राह्यला." ते पुरायचं.

मग करीमचाचांवरून कुजबूज सुरू झाली. कुणीतरी कागद छापून वाटले. त्यात लिहिलेलं मी इथं सांगत नाही. करीमचाचा दुसऱ्या दिवशी सायकल न आणता चालत आले आणि म्हणाले, "कडूबा, मी घरी बसतो. तुझी मतं जातील रे."

"जाऊ दे की."

"सोच ले. निवडणूक है."

"करीम, उर्दूतलं जमिनीचं कागद घेऊन बिल्किसबी येणार हाय आज, खुलताबादच्या शिवारातली. तिला कोण वाचून दाखवणार? मी? माझं चौथीचं उर्दू तुला ठाऊक हाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तू घरी बसलास तर मग मी कशाला हिंडू?"

करीमचाचा सायकल आणायला परत गेले.

मामंजी दोनशे चौऱ्याऐंशी मतांनी निवडून आले. त्याच वर्षी भानुदासनं परीक्षा देऊन जिल्हा परिषदेची नोकरी मिळवली, बिडकीनच्या शाळेत, आणि आम्ही पुन्हा एका घरात आलो.

अपक्ष आमदाराला विधानसभेत कुणी विचारत नाही. बोलायला वेळ शेवटी मिळतो, तोही कापून. त्यांचं विधेयक पहिल्या वेळी चर्चेला आलंच नाही, मुदत संपली. दुसऱ्या वेळी आलं आणि पडलं, पण या खेपेला अनुकूल एकोणतीस मतं होती. घरी पत्र आलं त्यात तेवढाच आकडा लिहिलेला, खाली सही. तिसऱ्या वेळी, १९७१ साली, मंत्र्यांनी त्यांना आपल्या दालनात बोलावलं. सरकारचं नवं विधेयक येत होतं. मंत्री म्हणाले, "गाडेकर, दवंडी आणि वाचन मी घेतो. हातात देण्याचं मला जमणार नाही. इतकी माणसं कुठून आणू? एवढ्यावर तुमचं विधेयक मागं घ्या."

मामंजींनी एक दिवस मागून घेतला आणि घरी ट्रंककॉल केला. शेजारच्या दुकानात फोन होता. मला वाटलं आत्याबाईंना बोलावतील. त्यांनी मला बोलावलं.

"अर्धं देतायत," ते म्हणाले. "घेऊ का?"

मी म्हणाले, "वाचून दाखवलं तर निदान दारात उभ्या बाईला ऐकू येईल. घ्या. पण उरलेलं सोडलं असं म्हणू नका."

त्यांनी तसंच केलं. आपलं विधेयक मागं घेतलं, सरकारच्या विधेयकाच्या बाजूनं मत दिलं आणि बोलताना सांगितलं, "हे अर्धं आहे. उरलेल्या अर्ध्याची मागणी मी मागं घेतलेली नाही, तशी नोंद व्हावी." नोंद झाली.

नव्या कायद्याप्रमाणं पहिलं वाचन आमच्या भागात बिडकीनजवळ झालं. मी भानुदासबरोबर पाहायला गेले. मामंजी मागं, एका बाभळीखाली उभे. कोतवालानं दवंडी दिली, तलाठी गल्लीत उभा राहून वाचू लागला. भरभर, गुळमुळीत. तरी चार दारांतून बाया बाहेर आल्या. एका म्हातारीनं विचारलं, "गट नंबर परत सांगा." त्यानं सांगितला. "त्यो माझाच हाय," ती म्हणाली. "माझं नाव मनकर्णाबाई. हरकत लिहून घ्या." तलाठ्याला पेन सापडेना. भानुदासनं आपलं दिलं.

१९७२ ची निवडणूक मामंजी हरले, आणि चांगलेच हरले. सगळीकडं एकाच पक्षाची लाट होती, अपक्षाकडं पाहायला कुणाला सवड नव्हती. दगडाबाईच्या रानावर तोवर पत्र्याची शेड उभी राहिली होती. तिची विहीर आणि घराची जागा तेवढी मामंजींनी वर्षभर खेटे घालून वाचवली होती. जमीन वाचली नव्हती. निकालाच्या दिवशी ती आमच्या ओट्यावर बसून राहिली. पक्षाकडून निरोप आला की परत या, विधान परिषदेवर पाठवू. मामंजींनी निरोप्याला जेवायला घातलं आणि नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या सोमवारी ते कचेरीसमोर जाऊन बसले. माजी आमदार झाडाखाली बसलेला पाहून लोकांनाच लाज वाटायची. त्यांना वाटली नाही.

पुढची आठ वर्षं ते लोकांचे अर्ज लिहीत होते आणि दर सहा महिन्यांनी स्वतःचा एक अर्ज मुंबईला पाठवत होते. विषय एकच. नोटीस ज्याच्या वा जिच्या नावे जमीन असेल त्याच्या वा तिच्या हातात देणेबाबत. उत्तर यायचं, 'प्रकरण विचाराधीन आहे'. ते उत्तर एका दोऱ्याला ओवून ठेवायचे आणि पुढचा अर्ज लिहायचे. डोळे अधू झाले तेव्हा ते सांगायचे आणि मी लिहायचे. करीमचाचा आधी गेले. त्यानंतर वर्षभरात, १९८० च्या श्रावणात, मामंजी गेले. आजारपण पाच दिवसांचं.

तेराव्यानंतर आठवड्यानं पोस्टमन पाकीट घेऊन आला. नाव मामंजींचं. मी फोडलं. आत दोन ओळी होत्या. अर्जदाराची मागणी सध्याच्या नियमांत बसत नसल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.

आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी विचारलं, "काय म्हणतंय सरकार?"

"नाही म्हणतंय."

"मग?"

मी मुलीच्या वहीतून एक पान फाडून घेतलं. वर तारीख घातली, विषय तोच लिहिला, आणि अर्जदाराच्या जागी या वेळी माझं नाव.